‘बगळ्यांची माळ’ : नांदेडच्या कवीचे एक उदास गाणे आणि त्यामागचा इतिहास (थ्रेड)

१/
आषाढ लागला की दरवर्षी एक गाणे नव्याने उगवते : ‘बगळ्यांची माळ’. ढगांनी भरलेले आकाश, ओले रान, एखादे तळे अशा चित्रफितींखाली त्याच्या पहिल्या दोन ओळी वाजत राहतात. ऐकणाऱ्याला वाटते, हे पावसाळ्याचे प्रसन्न प्रेमगीत. ते तसे नाही. हे एका तुटलेल्या नात्याचे गाणे आहे आणि शेवटच्या कडव्यात ते समोरच्या व्यक्तीला चक्क जाब विचारते.

२/
गायक डॉ. वसंतराव देशपांडे, हे बहुतेकांना ठाऊक असते. संगीतकार श्रीनिवास खळे, हेही पुष्कळांना माहीत असते. कवी कोण, हा प्रश्न मात्र नांदेड-लातूरकडच्या एखाद्या रसिक मित्राला विचारून पाहा; तिथेही बरेचदा क्षणभर शांतता पसरते. वास्तविक हा कवी त्यांच्याच मातीतला. वामन रामराव कांत, अर्थात वा. रा. कांत. जन्म नांदेडचा, ६ ऑक्टोबर १९१३.

३/
१९१३चे नांदेड म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले एक जिल्ह्याचे ठिकाण. मीर उस्मान अली खान यांना गादीवर येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे संस्थानातले पाच मराठी जिल्हे. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १९८२ साली.) घरात, बाजारात, शेतात मराठी; कचेरीत, न्यायालयात आणि वरच्या वर्गांत उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू केले. एका देशी भाषेतून आधुनिक विद्या शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती देशी भाषा मराठी मुलाची नव्हती, हेही तितकेच खरे.

४/
अशा ठिकाणी मराठीत कविता लिहिणे म्हणजे काय, याची कल्पना पुण्या-मुंबईच्या वाङ्मयेतिहासातून येत नाही. परवानगीवाचून सभा भरवता येत नसे. त्यासाठीचे ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अगदी परवापर्यंत होते. हैदराबादेहून निघणारे ‘निजाम विजय’ हे साप्ताहिक म्हणजे मराठी वाचकाचा मोठा आधार. आणि गाणे ही तर तिथे धोक्याची गोष्ट ठरू शकत असे : १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यांतल्या अनेकांना शिक्षणासाठी नागपूरची वाट धरावी लागली.

५/
कांत याच संस्थानाच्या नोकरीत होते. आधी शेती खात्यात, मग रेडिओवर. चाकरी निजामाची आणि लेखणी मराठीची, अशी ही दुहेरी वहिवाट. त्यांच्या आरंभीच्या संग्रहांची नावे पाहा : ‘फटत्कार’, ‘रुद्रवीणा’. ज्या कवीला आपण हळव्या, ओलसर गाण्यांचा कवी समजतो, त्याने आपल्या तरुणपणीच्या पुस्तकांना आसुडाच्या आवाजाची आणि रुद्राच्या वीणेची नावे दिली होती. पुढे ‘शततारका’, ‘वेलांटी’, ‘वाजली विजेची टाळी’, ‘दोनुली’, ‘मरणगंध’ असा प्रवास झाला. एका गाण्याने एवढा सगळा कवी झाकून टाकला आहे.

६/
आता रेडिओकडे वळू, कारण त्यावाचून या गाण्याची गोष्ट पुरी होत नाही.

हैदराबादेत खासगी धडपडीतून सुरू झालेले नभोवाणी केंद्र १९३५ साली निजाम सरकारने आपल्या हाती घेतले. पुढे संस्थानचे दुसरे केंद्र औरंगाबादला निघाले. ‘डेक्कन रेडिओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रणेवर उर्दूचे राज्य होते, पण मराठी, तेलुगू आणि कन्नड प्रजेसाठीही काही वेळ राखून ठेवावाच लागे. त्या मराठी भागात कांत काम करीत होते. सप्टेंबर १९४८मध्ये पोलिस कारवाई झाली, १७ सप्टेंबरला संस्थानाने शरणागती पत्करली आणि १९५०मध्ये ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. शासन बदलले, फलक बदलला. मायक्रोफोनपुढचा मराठी माणूस बराचसा तोच राहिला. पुढे कांत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर आले.

७/
याच सुमारास देशाच्या रेडिओवर एक मोठे स्थित्यंतर घडत होते. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ अभिजात संगीताचे कट्टर अभिमानी आणि चित्रपटगीतांचे तितकेच कट्टर विरोधक. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते तडक रेडिओ सिलोनकडे गेले, ही त्या धोरणाची प्रसिद्ध फजिती. तिच्यावर आपण आजही हसतो. परंतु त्या धोरणाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. चित्रपटगीतांची जागा भरून काढायला केंद्रांना स्वतःची गाणी निर्माण करावी लागली. ‘सुगम संगीत’ या नावाखाली चांगल्या कवींची कविता, चांगला संगीतकार आणि तयारीचा गळा यांची गाठ पडू लागली. पुणे केंद्रावरचे ‘गीतरामायण’ १९५५-५६चे. मराठी भावगीत त्याआधीच जन्मले होते. १९३०च्या दशकाच्या आरंभी गो. ना. जोशी यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची कविता ध्वनिमुद्रित केली, तेव्हापासून त्याची परंपरा मोजतात. पण त्याला घरोघरी नेले ते रेडिओने.

८/
नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर या गावांसाठी तर रेडिओचे महत्त्व निराळेच होते. पुण्या-मुंबईत मैफली होत्या, नाटके होती, गाण्याचे क्लास होते. इथे ते सारे क्वचित. इथल्या श्रोत्यापर्यंत भावगीत आले ते ग्रामपंचायतीच्या नाहीतर शेजाऱ्याच्या रेडिओवरून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्य कागदावर एक झाले. कानांनी ते एक होण्याचे काम अशा गाण्यांनी केले, असे मला वाटते.

९/
‘बगळ्यांची माळ’ घडवणारी तीन माणसे कुठली होती, तेही बघा. कांत नांदेडचे, म्हणजे निजामाच्या संस्थानातले. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, जन्म १९२०, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडातले. श्रीनिवास खळे बडोद्यात वाढले आणि तिथेच गाणे शिकले. म्हणजे गायकवाडांच्या संस्थानातले. ज्या गाण्याला आज कोणीही ‘अस्सल मराठी भावगीत’ म्हणेल, ते तीन वेगवेगळ्या राजवटींत वाढलेल्या तिघांचे आहे.

१०/
खळे यांची चाल ऐकताना सोपी वाटते आणि गायला घेतली की घाम फोडते, हे गाणाऱ्यांमध्ये सर्वश्रुत आहे. आणि वसंतराव म्हणजे तर विजेचा गळा. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधले त्यांचे खाँसाहेब आठवा : तानांचा झपाटा, अनपेक्षित जागा, श्रोत्याला श्वास घेऊ न देणारी आक्रमकता. हाच माणूस इथे स्वतःला किती आवरून धरतो! स्वर पुढे झेपावतो आणि शब्दाच्या कडेला येऊन थबकतो. दुःख मोठ्याने सांगायचे नसते, हे ज्याला कळले आहे त्याचे हे गाणे आहे. याच तिघांचे ‘राहिले ओठांतल्या ओठांत’ हे दुसरे गाणेही एकदा लागोपाठ ऐका. तिथे बोलायचे राहून गेलेले आहे. इथे बोलून, भेटून, सारे काही होऊन मग संपलेले आहे. माझ्या मते दुसरे अधिक बोचते.

११/
आता कवितेकडे. ओळी उद्धृत करीत नाही, आशय सांगतो.

आरंभीच एक प्रश्न आहे : आकाशात बगळ्यांची माळ अजूनही फुलते, तुला आपली भेट आठवते का? मग आठवणींची चित्रे येतात. पानांवर वाजणारे पावसाचे थेंब, ओल्या रानातले चमकते ऊन, दूर डोंगरात घुमणारा ढग. नारळीखालच्या गुजगोष्टी. हातात हात गुंफून पाहिलेली संध्याकाळ, दोघांनी मिळून मोजलेले बगळे, तळ्यातल्या कमळांसारखे उमलून मिटत गेलेले दिवस. इथवर सगळे मधुर आहे. चित्रफिती इथेच थांबतात.

१२/
शेवटच्या कडव्यात ती ही माळ तोडून निघून जाते. मागे उरते ती पंखांची पांढरी फडफड. आणि पुन्हा प्रश्न : ती तडफड तुझ्या काळजात कधी सलते का?

प्रश्नाने सुरू झालेले गाणे प्रश्नावरच संपते. पहिला प्रश्न आठवणीचा, शेवटचा वेदनेचा. पहिल्यात आर्जव आहे, दुसऱ्यात आरोप. आणि उत्तर कुठेच नाही. शिवाय माळ तोडणारी ती, असे तो म्हणतो. तिची बाजू या गाण्यात ऐकूच येत नाही, हेही सुज्ञ श्रोत्याने ध्यानात ठेवावे.

१३/
या प्रतिमेची पाळेमुळे फार खोल आहेत, आणि मला या थ्रेडमध्ये खरे सांगायचे आहे ते हेच.

नांदेडच्या वरच्या अंगाला, याच गोदावरीच्या काठी, पैठण आहे. तेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. तिथल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह आहे. माहाराष्ट्री ही मराठीची पूर्वज भाषा. या संग्रहाच्या अगदी आरंभीच्या गाथांमध्ये एक गाथा बगळीची आहे : कमळाच्या पानावर ती इतकी निश्चल बसली आहे की पाचूच्या ताटात ठेवलेला शंखच जणू.

१४/
वरवर पाहता हे नुसते निसर्गचित्र. परंतु अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हीच गाथा ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली. बगळी हलत नाही, म्हणजे तिला कोणाची भीती वाटत नाही. म्हणजे तिथे कोणीच नाही. म्हणजे ती भेटीची निवांत जागा आहे. ही गोष्ट प्रेयसी प्रियकराला न बोलता सुचवते. मम्मट आणखी एक अर्थ सांगतो, आणि तो अधिक बोचरा आहे : बगळी इतकी निर्धास्त बसली आहे, त्या अर्थी तू इथे आलाच नव्हतास, खोटे बोलतोस.

म्हणजे कमळाचे तळे, बगळा, गुप्त भेट आणि न पाळलेला शब्द हे सगळे सामान गोदाकाठच्या कवितेत जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच मांडून ठेवलेले होते.

१५/
दुसरा दुवा कालिदासाचा. ‘मेघदूता’त विरही यक्ष ढगाला सांगतो, की वाटेत बगळ्या माळा करून आकाशात तुझ्या सोबतीला येतील. उडत्या बगळ्यांची ‘माळ’ ही कल्पना तिथे स्पष्ट आहे. आणि तो यक्ष बसला आहे रामगिरीवर, म्हणजे बहुसंख्य अभ्यासकांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवर. कांतांच्या गाण्यातही दूर डोंगरात ढग आहेच. फरक असा की यक्षाचा ढग निरोप घेऊन जातो. कांतांचा ढग नुसता घुमतो. त्याच्या हाती द्यायला निरोपच उरलेला नाही.

१६/
गाथेतली बगळी बसलेली, कालिदासाच्या बगळ्यांची माळ उडती, कांतांची माळ तुटलेली. हे त्यांनी ठरवून केले, असा दावा मी करणार नाही. पण एकाच प्रतिमेचे इतके दीर्घ आयुष्य हाताशी लागणे विरळाच.

१७/
आणि तिसरा दुवा ग्रंथांतला नाही, अंगणातला आहे. बगळ्यांचा थवा डोक्यावरून जाऊ लागला की मुले नखांवर नखे घासत त्यांच्याकडे फुले मागतात. मग नखावर पांढरा ठिपका दिसला, की बगळ्याने फूल दिले! महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतून हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. गाण्यातले ते दोघे मिळून आकाशातले पांढरे कळे मोजतात, त्यामागे हे बालपण आहे. म्हणून ती माळ तुटते तेव्हा केवळ प्रेम तुटत नाही. बगळा फूल देतो यावर विश्वास असलेले वयही संपते.

१८/
एक सावधगिरी. ‘कवी नांदेडचा, म्हणून ते तळे नांदेडचे’ असे समीकरण कोणी मांडू नये. गाण्यात नारळीचे झाड आहे. गोदावरी-मांजरेच्या काळ्या रानात बाभूळ, लिंब आणि आंबा दिसेल, नारळी क्वचितच. कवितेतला भूगोल तलाठ्याच्या दप्तरात सापडत नसतो. मात्र पाण्याकडे पाहण्याची ही असोशी मला मराठवाड्याची वाटते. जिथे तळे बारमाही असते तिथे त्याची आठवण काढावी लागत नाही. ज्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला विचारा, भरलेले तळे ही केवढी मोठी आठवण असते ते.

१९/
उर्दूचे काय? कांतांच्या पिढीतल्या शिकलेल्या मराठी माणसाला उर्दू टाळता येणे शक्य नव्हते, आणि रेडिओवरच्या माणसाला तर नाहीच. औरंगाबादचे सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले थोर उर्दू कवी. विरह हा त्या साऱ्या परंपरेचा प्राण. गेलेल्या प्रियेला थेट ‘तू’ म्हणून विचारणे, तक्रारीतही अदब न सोडणे आणि शेवट प्रश्नावर अधांतरी ठेवणे, ही रीत गझलेच्या श्रोत्याला ओळखीची वाटेल. गाण्याचे शब्द मात्र पुरते मराठी-संस्कृत आहेत. ज्या राजवटीने उर्दू लादली तिच्याविषयी राग असू शकतो आणि तरीही त्या भाषेची लय कानात राहू शकते. मराठवाड्याच्या कवितेतली ही गुंतागुंत ‘गुलामीचा काळ’ एवढ्या दोन शब्दांत उरकता येत नाही.

२०/
आता वारशाविषयी. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आज हे गाणे मैफलींतून गातात आणि सभागृहातली विशीतली मुले त्यांच्याबरोबर गुणगुणतात. आजोबांच्या जीवनावरचा ‘मी वसंतराव’ हा चित्रपट २०२२ साली आला, त्यानंतर तर हा ओघ वाढलाच. कांतांची इतर गाणीही टिकून आहेत : सुधीर फडके यांनी गायलेले ‘त्या तरुतळी’, अरुण दाते यांचे ‘सखी शेजारिणी’. गाणी अशी भाग्यवान, कवी नाही.

२१/
याचे एक साधे, यांत्रिक कारण आहे. आकाशवाणीचा निवेदक प्रत्येक गाण्याआधी किंवा नंतर तीन नावे सांगत असे : गीतकार, संगीतकार, गायक. कवीचे नाव बहुधा पहिले. लातूरच्या एखाद्या घरात भाकरी थापणाऱ्या बाईच्या कानावरही ‘गीत वा. रा. कांत’ हे शब्द शेकडो वेळा पडत. तिने ‘रुद्रवीणा’ उघडली नसेल, पण नाव तिला पाठ होते. आजच्या ॲपवर गायकाचे नाव ठळक असते, संगीतकाराचे कधीकधी, आणि कवीपर्यंत पोहोचायला दोन-तीन टिचक्या माराव्या लागतात. तरीही ते सापडेलच याची खात्री नाही. निवेदन गेले आणि त्याबरोबर कवी गेला. स्मृती ही मनाइतकीच अशा लहानसहान व्यवस्थांवर उभी असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

२२/
नांदेडला गुरू गोविंदसिंहांचे स्मरण आहे, आणि ते असायलाच हवे. मुक्तिसंग्रामाचे स्मरण आहे, स्वामी रामानंद तीर्थांचे नाव तर विद्यापीठालाच आहे. त्या शहराच्या ओळखीत या कवीलाही थोडी जागा मिळायला हरकत नसावी. पुतळे आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत. ‘रुद्रवीणा’, ‘वेलांटी’, ‘मरणगंध’ ही पुस्तके जिल्हा ग्रंथालयात सहज हाती लागावीत, एवढे झाले तरी पुरे. तुमच्या गावच्या जुन्या वाचनालयात यांपैकी एखादी प्रत असेल, तर मुखपृष्ठाचा फोटो खाली जरूर टाका.

२३/
वसंतराव गेले ३० जुलै १९८३ रोजी, कांत ८ सप्टेंबर १९९१ रोजी, खळे २ सप्टेंबर २०११ रोजी. तिघेही पावसाळ्यात.

गाणे आज पुन्हा लावाल तेव्हा शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा.

गीत : वा. रा. कांत. संगीत : श्रीनिवास खळे. गायक : डॉ. वसंतराव देशपांडे.